मनुष्यबळ : शून्य

शिफारस म्हणजे मंजुरी नव्हे, हे कैलास उमाटे सरांना ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. सेलू तालुक्यातल्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळतं. दिल्लीच्या विज्ञान मंडळाकडून आलेला तो ई-मेल त्यांनी अकरा वेळा वाचला होता आणि अकराही वेळा त्यात एकच मजकूर निघाला होता. 'बोर धरण परिसरातील खाद्य रानकंदांचा अभ्यास' या आपल्या प्रकल्पाची तज्ज्ञ समितीने शिफारस केली आहे. मंजुरीचा आदेश यथावकाश पाठवण्यात येईल. बाराव्यांदा वाचायच्या आधी त्यांनी बायकोला हाक मारली, आणि तिथून पुढे ही गोष्ट त्यांच्या हातात राहिली नाही.

सुलोचनाबाईंनी ऐकून घेतलं, हातातली कणीक परातीला पुसली आणि म्हणाल्या, "कागद येईपर्यंत कोणाले सांगू नोका. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं नोको व्हाले."

आणि मग त्यांनी स्वतःच ही बातमी, कुणाला न सांगण्याच्या अटीवर, शेजारच्या बंडूजींच्या बायकोला सांगितली.

बंडूजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी सल्ला देण्याचं काम पूर्णवेळ हाती घेतलं होतं आणि त्यात सुट्टी अशी नव्हतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते तोंडात ब्रश घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभे होते.

"उमाटे सर, दिल्लीचं काम झालं म्हणते तुमचं?"

"झालं नाही बंडूजी, शिफारस झाली."

"तेच ते. सोयरीक जुळली म्हणजे वरात निघतेच. आता मायं आयका. पयले सत्कार करून घ्या. नंतर लोकायले जळाले वेळ भेटते."

सरांनी हसून विषय टाळला. पण सत्कार ही गोष्ट आपल्याकडे टाळून टळत नाही. कॉलेजचे प्राचार्य महादेवराव यांना आतून निराळीच घाई होती. कॉलेजची पाहणी करायला मूल्यांकन समिती वर्षभरात येणार होती, आणि 'राष्ट्रीय पातळीवरील संशोधन प्रकल्प' या मथळ्याची फाइल कपाटात गेली सात वर्षं कोरी पडून होती. फाइलला एक फोटो हवा होता. शिक्षकदिनाच्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडल्या गेल्या, फळ्यावर रंगीत खडूने सरांचं नाव आलं, आणि सरांनी तीन वेळा नको म्हटलं. तीन वेळा नको म्हणणं सभ्य माणसाला पुरेसं असतं.

आता शाल या वस्त्राबद्दल थोडं बोललं पाहिजे. सप्टेंबरात वर्धा जिल्ह्यात शालीची गरज कुणालाच नसते. तरीही ती खांद्यावर पडली की माणसाला आतून काहीतरी होतं. छाती भरून येते, समोरचे लोक आपलेच वाटतात, आणि दिलं नाही तर आपला अपमान होईल अशा थाटात माणूस वचनं वाटत सुटतो. उमाटे सरांचं तसंच झालं. आभाराचं भाषण चांगलं चाललं होतं, संपतही आलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "या प्रकल्पात संशोधन सहायकाची एक जागा आहे. आणि मी आज जाहीर करतो, ती जागा माझी विद्यार्थिनी गुंजन उईके हिला मिळेल!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटं कशाला सांगावं, जाहीर करणं चुकीचं असलं तरी निवड चुकीची नव्हती. गुंजन बोर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गोंड वस्तीतली. एम.एस्सी. झालेली तिथली ती पहिली मुलगी. खरं तर निम्मा प्रकल्प तिचाच होता. कुठला कंद कधी खणायचा, कुठला नुसता उकडायचा आणि कुठल्याला आधी पाण्यात ठेवायचं, हे तिच्या आजीला, बायजाला, तोंडपाठ होतं. आजी गोंडीत सांगायची, गुंजन ते लिहून काढायची, आणि सर त्याचं इंग्रजी करायचे. ती नसती तर दिल्लीला पाठवलेला अर्ज दोन पानांत आटोपला असता.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील जंगलू सभागृहाच्या दाराशी थांबले होते. वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरी करणारा, मोजकं बोलणारा माणूस.

"सर, मंग सावंगीचं नाई म्हणू का? तिले सोमवारपासून बोलावलं तिथं. दवाखान्याच्या लॅबमंदी."

ही नोकरी सरांना माहीत होती. पगार बेताचा, पण पक्की होती. गुंजन मागून हळूच म्हणाली, "बाबा, कागद तं येऊ द्या ना आधी."

शहाणी मुलगी. पण सरांच्या खांद्यावर शाल होती, बाजूला वार्ताहर उभा होता, आणि आपल्याच विद्यार्थिनीने सर्वांसमोर कागद मागावा हे त्यांना जरा लागलं. ते म्हणाले, "कागद येतोच आहे, जंगलू. सावंगीला नाही म्हणून टाका."

जंगलूने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी नाही म्हणून टाकलं. पुढे कितीतरी रात्री सरांना झोप लागेना तेव्हा हे एकच वाक्य त्यांना आठवायचं, आणि ते कूस बदलायचे.

सोमवारी सकाळी नऊला गुंजन प्रयोगशाळेच्या दारात हजर. हातात डबा आणि नवी वही. सर गडबडले, कारण तिला द्यायला त्यांच्याकडे काम सोडून काहीच नव्हतं. मग त्यांनी काम दिलं.

पहिला अडथळा जंगलाचाच आला. कंद खणायला वनखात्याची परवानगी हवी. कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि मंजुरीचा आदेश जोडा म्हणून सांगितलं. सरांनी दिल्लीला फोन लावला. चौथ्या दिवशी तो उचलला गेला, आणि पलीकडच्या सद्गृहस्थांनी अतिशय नम्रपणे सांगितलं की, आदेश काढण्यासाठी वनखात्याची परवानगी जोडणं आवश्यक आहे. सरांनी हे बाबूंना सांगितलं. बाबूंनी चहा मागवला. त्यांचा दोष नव्हता, दिल्लीकरांचाही नव्हता. दोघेही नियमानं चालले होते आणि मधे सर उभे होते.

वाट काढली ती गुंजनने. "सर, आजीच्या वाडीत कंदाचे वेल हायेत. कुंपणावर चढवले. घरच्या जागेतलं खणाले परवानगी कायले लागते?"

बायजानं खरंच आपली वाडी मोकळी करून दिली. सर पहिल्यांदा गेले तेव्हा ती त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "आमी जनमभर खाल्लं तवा कोणी पायलं नाई. आता दिल्ली पायते म्हणते. पायजो बाप्पा, पण पोट भरून खाऊनबी पायजो."

दिवाळी गेली. वेल वाळले, कंद खणायचा मोसम आला, आणि गुंजनची वही निम्मी भरली. महिना संपला की सर स्वतःच तिच्या टेबलाशी जायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आदेश निघतोच आहे. सगळं मागच्या तारखेपासून मिळेल." ती म्हणायची, "हो सर." डिसेंबरात त्यांनी धीर करून एक पाकीट पुढे केलं. तिनं विचारलं, "दिल्लीहून आले का सर?" ते म्हणाले, "नाही, माझ्याकडून समज." तिनं पाकीट हळूच मागे सरकवलं. "मंग नोको सर. तिकडून येतील तवा द्या." त्यानंतर महिनाअखेरीला सर प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यानं जाऊ लागले.

या काळात एका विज्ञानाच्या प्राध्यापकाने काय काय केलं ते सांगणं शोभत नाही, पण सांगितलंच पाहिजे. सुलोचनाबाई चतुर्थीला केळझरच्या गणपतीला निघाल्या की सर त्यांना स्कूटरवर सोडायला म्हणून जायचे, बाहेर चपलांपाशी थांबतो म्हणायचे, आणि बाई दर्शन घेऊन येईपर्यंत रांगेतून आत जाऊन हात जोडून परतही यायचे. आदेशाच्या फाइलचा क्रमांक त्यांना पाठ होता. तो देवाला सांगितला की नाही हे मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही.

मग महाशिवरात्र आली. कॉलेजात फ्रीज नव्हता. म्हणजे होता, पण त्यात कर्मचारी नत्थूच्या पाण्याच्या बाटल्या थंड न होता राहत. म्हणून गुंजनने निवडून, धुऊन, चिठ्ठ्या लावून ठेवलेले नमुने सरांच्या घरच्या फ्रीजमध्ये असायचे. उपासाचा दिवस, बंडूजी सपत्नीक फराळाला येणार, आणि रताळी अपुरी. सुलोचनाबाईंनी फ्रीज उघडला. समोर स्वच्छ पिशवीत छान सोललेले कंद. कंद उपासाला चालतो, हे शास्त्र आहे. पिशवीवर सतरा आकडा लिहिला होता. तो त्यांना वजनाचा किंवा भावाचा वाटला.

नमुना क्रमांक सतरा हा खाजरा कंद होता. तो दोन रात्री वाहत्या नाल्यात ठेवल्याशिवाय बायजादेखील तोंडात घालत नाही. बंडूजींनी पहिला घास घेतला आणि "वा!" म्हणायला तोंड उघडलं. तोंड उघडं राहिलं, 'वा' काही आला नाही. घशाला अशी खाज सुटली की ते अंगणात उभे राहून नुसते हातवारे करू लागले. चिंच खाल्ली, ताक प्यायले, गुळण्या केल्या. पण तीन दिवस त्यांच्या तोंडून सल्ला निघाला नाही, आणि गल्लीत कमालीची शांतता होती. चौथ्या दिवशी आवाज परत आला आणि पहिलं वाक्य सगळ्या गल्लीनं ऐकलं, "दिल्लीच्या पैशानं जहर पिकवून राह्यला हा मास्तर!"

"पैसा आला नाही हो अजून!" सर कंपाउंडवरून ओरडले. हे वाक्य आपण नको तितक्या मोठ्यानं बोललो, हे त्यांना फाटकाशी उभ्या गुंजनला पाहून कळलं. ती नमुना न्यायला आली होती. सुलोचनाबाई ओशाळून म्हणाल्या, "चुकलं गं पोरी माह्यं." त्या सतरा नंबरामागे तिचे सहा आठवडे होते. गुंजन म्हणाली, "होते काकू. खणतो परत." आणि तिनं खरंच परत खणले.

आदेश आला तो बावीस मार्चला. सरांनी नत्थूला पेढे आणायला पाठवलं आणि मग ई-मेल उघडला. पेढ्यांची ऑर्डर रद्द करायला मात्र उशीर झाला. अर्जात मागितलेल्या यंत्रासाठी रक्कम पूर्ण मंजूर होती, एकतीस मार्चच्या आत खर्च करण्याच्या अटीवर. आणि त्याखाली एक ओळ होती. मनुष्यबळ : शून्य. संस्थेकडे पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ उपलब्ध असल्याने.

पुरेसं मनुष्यबळ आहे हे दिल्लीला कुणी सांगितलं? उमाटे सरांनीच सांगितलं होतं. अर्जात प्रश्न होता, आपल्या संस्थेत या कामासाठी प्रशिक्षित माणसं आहेत का? सर 'नाही' लिहायला निघाले होते, कारण विभागात ते आणि नत्थू असे दोघंच होते. महादेवरावांनी त्यांचा हात धरला होता. "उमाटे, वेडे झालात का? दिल्लीले आपलं उघडं पाडता? घरात पाहुणा आला अन् साखर संपली, तं आपण सांगतो का कधी? मागच्या दारानं आणतो ना!" हे सरांना पटलं होतं. घराण्याची, गावाची, कॉलेजची लाज परक्यासमोर झाकायची असते, हे त्यांच्या आईनंही शिकवलं होतं. म्हणून त्यांनी 'होय' लिहिलं आणि बारा नावांची यादी जोडली. त्यात नत्थू 'तंत्र सहायक' होता आणि मागेच निवृत्त झालेले ग्रंथपालही होते. दिल्लीनं बिचारीनं विश्वास ठेवला.

सरांना हे गुंजनला सांगायचे शब्द जुळवायला दोन दिवस लागले. तिला त्यांच्या तोंडाकडे पाहून दोन मिनिटांत कळलं.

"माह्यं नाव नाई का सर?"

"नावाचा प्रश्नच नाही गं. ती जागाच काढून टाकली."

 हातातली काचपट्टी तिनं पाहून संपवली, निरीक्षण वहीत लिहिलं, चंचुपात्रं धुतली, फडक्यावर उपडी घातली आणि डबा उचलून गेली. सर तिच्या मागे दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. सावंगीची जागा केव्हाच भरली गेली होती. पुढल्या महिन्यात ती सेलूच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली, असं नत्थूनं सांगितलं.

यंत्राची कथा तशी सुखाची म्हणायची. नऊ दिवसांत सरकारी पोर्टलवरून ते विकत घेतलं गेलं, एप्रिलात आलं, आणि खोक्यावर लिहिलं होतं की खोली वातानुकूलित हवी. सबंध कॉलेजात वातानुकूलित खोली एकच, प्राचार्यांची. म्हणून कंदातली पोषकद्रव्यं मोजणारं ते यंत्र महादेवरावांच्या टेबलाशेजारी बसलं. त्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर फुलदाणी आली. नागपूरहून शिकवायला आलेला इंजिनिअर भराभर बोलला. सर मान हलवत राहिले आणि त्यांचं पाहून नत्थूही. शेवटी महादेवरावांनीच औषधाच्या दुकानात फोन करून गुंजनला 'दोन तासांसाठी' बोलावून घेतलं. तिनं दोन तासांत सगळं समजून घेतलं आणि दुकानाची वेळ झाली म्हणून परत गेली. तिला पुन्हा बोलावताना सरांना लाज वाटली होती. पण लाज वाटूनही त्यांनी महादेवरावांना अडवलं नाही.

जून उजाडला. सावंगीला त्याच लॅबमध्ये पुन्हा एक जागा निघाली, सहा महिन्यांच्या अनुभवाची अट घालून. गुंजनचे सहा भरून सातवा लागला होता. ती जंगलूला घेऊन कॉलेजात आली, अनुभवाचा दाखला मागायला. सर तिला घेऊन उत्साहानं प्राचार्यांच्या खोलीत शिरले. निदान एवढं तरी आपल्या हातून होईल, असं त्यांना खरंच वाटत होतं.

महादेवरावांनी आदेश काढून तारखेवर बोट ठेवलं. "प्रकल्प सुरू झाला बावीस मार्चले. ही पोरगी गेली चोवीसले. सात महिने कोणत्या प्रकल्पात काम केलं म्हणून लिहू? अन् बिनपगारी राबवलं असं कागदावर आलं, तं समितीसमोर माह्या गळ्याले फास! परवा गुरुवारी समिती येऊन राह्यली, उमाटे. जरा समजून घ्या."

सरांनी समजून घेतलं. आयुष्यभर ते समजूनच घेत आले होते. विभागाचं पत्र काढायला, त्यावर स्वतः सही ठोकायला आणि पुढे जे होईल ते पाहायला त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं. त्याऐवजी ते बाहेरच्या बाकावर बसले आणि एका कोऱ्या कागदावर त्यांनी सगळं खरं लिहिलं. या मुलीनं सात महिने एक पैसा न घेता काम केलं. प्रकल्पाचा पाया तिचा आणि तिच्या आजीचा आहे. मी शब्द दिला होता आणि तो मला पाळता आला नाही. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले, आणि आपण फार मोठं काही करतो आहोत असंही क्षणभर वाटलं.

गुंजनने कागद शांतपणे वाचला. जंगलूला वाचता येत नव्हतं. तो सरांच्या तोंडाकडे पाहत होता.

"सर, यावर शिक्का नाई."

"नाही गं. तो नाही मारता येत."

"मंग हा मी कोणाले दाखवू?"

तेवढ्यात आतून महादेवरावांची हाक आली. "गुंजन हाय का बाहेर? बरं झालं आली. बाई, हे यंत्र एकदा चालू करून दाखव. समितीसमोर नत्थू बटण दाबाले भेते."

जंगलू म्हणाला, "चाल गुंजन, आपली बस जाईन." पण ती आत गेली. तिनं फुलदाणी बाजूला ठेवली, रुमालाची घडी केली, यंत्र सुरू करून दाखवलं. नत्थू म्हणाला, "ताई, ध्यानात नाई राहत. लिहून दे ना." तिनं इकडेतिकडे पाहिलं. हातात कागद होता. तो तिनं उलटा केला आणि पाठकोऱ्या बाजूवर, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक लिहीत गेली. आधी यंत्रातला दिवा लावून पंधरा मिनिटं थांबा. मग कोरं पाणी ठेवून शून्य करा. मग नमुना. अकरा ओळी झाल्या. कागद नत्थूच्या हातात देऊन ती वडिलांसोबत निघून गेली. जाताना "येतो सर" म्हणाली, नेहमीसारखं.

नत्थूनं तो कागद यंत्राच्या वर भिंतीला चिकटपट्टीनं चारी बाजूंनी पक्का लावला. सरांचं लिखाण भिंतीकडे गेलं.

गुरुवारी समिती आली. यंत्र अकरा ओळींबरहुकूम चाललं. अध्यक्षबाई चष्मा वर करून भिंतीवरचा कागद वाचू लागल्या आणि म्हणाल्या, "किती नेमकं लिहिलंय! अशी शिस्त मोठ्या संस्थांतही दिसत नाही. कुणाचं हे काम?"

"आमचे उमाटे सर," महादेवराव म्हणाले.

सगळे सरांकडे वळले. सरांनी तोंड उघडलं. एक नाव घ्यायचं होतं, तीन अक्षरांचं. अध्यक्षबाई कौतुकानं पाहत होत्या, महादेवरावांच्या कपाळावर घाम होता, आणि फोटोवाल्यानं कॅमेरा वर केला होता. सरांनी तोंड मिटलं आणि किंचित मान झुकवली.

कॉलेजला चांगली श्रेणी मिळाली. सावंगीची जागा हिंगणघाटच्या कुठल्याशा मुलाला मिळाली. दुपारी प्राचार्य जेवायला गेले की सर कधीकधी त्या खोलीत जातात आणि भिंतीसमोर उभे राहतात. तो कागद सोडवून घ्यावा, त्याच्यावर शिक्का मारून औषधाच्या दुकानात नेऊन द्यावा, असं त्यांना दर वेळी वाटतं. पण चिकटपट्टी चारी बाजूंनी घट्ट आहे, ओढला तर कागद फाटेल, असं ते स्वतःला सांगतात आणि पुढच्या तासाला निघून जातात.